टिटवीसारखी पळत आली बीट्रिस

आमच्या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, यंदा पोपटाच्या शेंगांचा मांडव असा दाट झालाय की आत माणूस उभा राहिला तरी बाहेरून दिसत नाही. पोपट म्हणजे वाल, झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, आम्ही पोपटच म्हणतो. आई सकाळी टोपलं घेऊन मांडवाखाली शिरते आणि मग नुसता बांगड्यांचा आवाज येत राहतो. त्याच मांडवाखाली उभं राहून मला शेक्सपिअरचा एक सीन या हिवाळ्यात नीट कळला, जो इतकी वर्षं वाचून आणि वर्गात शिकवून कळला नव्हता, म्हणून हे लिहायला बसलेय.

मी तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवते, राहते गावातच, वैनगंगेच्या अलीकडे, रोज एसटीनं जाणं-येणं. यंदा गॅदरिंगला बी.ए.च्या पोरींना नाटक करायचं होतं आणि त्यांनी आधी एक तयार विनोदी स्क्रिप्ट मोबाईलवरून काढली होती, मी म्हटलं थांबा, आपल्या अभ्यासाला जे आहे त्यातलाच सीन करू, आपल्या बोलीत करू. ‘मच अडो अबाऊट नथिंग’. पोरी म्हणाल्या मॅडम ते तर पेपरचं आहे, त्यात काय हसायचं? मला ते फार लागलं. जे नाटक चारशे वर्षं लोकांना हसवून राहिलंय ते आमच्या पोरींना फक्त दहा मार्काचा प्रश्न वाटतं यात चूक माझीच, शिकवणाऱ्याची. मग ठरवलं की रविवारी रिहर्सल आमच्या सांदवाडीत, पोपटाच्या मांडवाखाली.

ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नाटक 1598-99 च्या सुमारास लिहिलेलं, 1600 साली छापलं गेलं. घडतं इटलीकडच्या सिसिली बेटावर, मेसिना गावात. लढाई आटोपून डॉन पेद्रो नावाचा राजपुत्र आपल्या माणसांना घेऊन तिथल्या गव्हर्नरकडे, लिओनाटोकडे, महिनाभर मुक्कामाला येतो. लिओनाटोची मुलगी हीरो (हो, हीरो हे मुलीचं नाव, यावर दरवर्षी वर्ग पहिल्या दिवशी हसतो) आणि तिची चुलत बहीण बीट्रिस. राजपुत्रासोबत क्लॉडिओ आणि बेनेडिक. क्लॉडिओला हीरो आवडते, लग्न ठरतं. बीट्रिस आणि बेनेडिक मात्र समोरासमोर आले की एकमेकांना टोचून टोचून बोलतात, दोघंही म्हणतात लग्न करणार नाही, आणि लग्नाला आठवडा बाकी आहे तोवर या दोघांचं जमवून दाखवायचं असं बाकीचे ठरवतात. कसं, तर दोघांना आपापल्या जागी लपून ऐकू द्यायचं की समोरचा तुझ्यावर जीव टाकून राहिलाय.

म्हणजे खोटं बोलायचं आणि ते चोरून ऐकू द्यायचं. नाटकाची सगळी मशीन याच एका चाकावर चालते. नाटकाच्या नावातला ‘नथिंग’ हा शब्द त्या काळी ‘नोटिंग’च्या जवळपास उच्चारला जायचा असं अभ्यासक सांगतात, आणि नोटिंग म्हणजे टिपणं, पाळत ठेवणं, कान देऊन ऐकणं. नावातच कान लावलाय त्यानं.

आणि हे कान लावणं किती लवकर सुरू होतं बघा. पहिल्या अंकातच राजपुत्र आणि क्लॉडिओ बोलतात की राजपुत्र मुखवट्यांच्या नाचात क्लॉडिओच्या वतीनं हीरोला मागणी घालेल. हे बोलणं दोन जण ऐकतात. एक लिओनाटोच्या भावाचा नोकर, तो बागेतल्या दाट झाडीच्या वाटेवर ऐकतो आणि घरी येऊन सांगतो की राजपुत्र स्वतःच हीरोच्या प्रेमात आहे. दुसरा बोराचिओ, तो एका कुबट खोलीत धूप फिरवून राहिला होता, पडद्यामागं लपून ऐकतो आणि आपल्या मालकाला, राजपुत्राच्या त्या कडवट सावत्र भावाला डॉन जॉनला, अगदी बरोबर बातमी देतो. माझ्या डोक्यात हे किती दिवस घुमत होतं, की भल्या घरातला माणूस चुकीचं ऐकतो आणि दुष्ट माणूस बरोबर ऐकतो. मन चांगलं असलं म्हणजे कान चांगले असतात असं नाही. आमच्या पानठेल्यावर प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटता घोटता जेवढ्या बातम्या तयार होतात त्यातल्या अर्ध्या अशाच असतात, सांगणाऱ्याच्या मनात काहीच वाईट नसतं, पण मधला एक शब्द पन्नीच्या आवाजात ऐकू आलेला नसतो.

तर आमचा सीन. तिसऱ्या अंकाचा पहिला. हीरो दासीला सांगते, जा, बीट्रिसच्या कानात सांग की बागेत मी आणि दुसरी दासी अर्सुला तुझ्याबद्दलच बोलून राहिलोय, वेलींच्या मांडवात लपून ऐक. तो मांडव हनीसकलचा, आणि हीरो म्हणते की उन्हानंच पिकवलेला तो वेल आता उन्हालाच आत शिरू देत नाही. हे वाक्य मी दहादा शिकवलं असेल, पण सांदवाडीत पोपटाच्या पानांतून पोरीच्या तोंडावर उन्हाचे ठिपके पडलेले बघितले तेव्हा मला ते दिसलं.

मग बीट्रिस येते आणि हीरो हळूच अर्सुलाला म्हणते, ती बघ, टिटवीसारखी जमिनीला धरून पळत येऊन राहिलीय आपलं बोलणं ऐकायला. मूळात लॅपविंग आहे, तिकडची टिटवी जरा वेगळी, डोक्यावर तुरा असलेली, पण चाल तीच. गाईडमध्ये याचा अर्थ नुसता ‘एक पक्षी’ असा दिलाय. माझ्या वर्गातल्या ज्या पोरीकडं बीट्रिसचं काम होतं तिच्या घरी चार एकर धान आहे, ती म्हणाली, मॅडम टिटवी मले करून दाखवता येते. आणि तिनं ओढणी कमरेला खोचली, मान खाली घातली, पाठ सपाट केली आणि बारीक बारीक पावलांनी अशी सर्रकन गेली, मधेच थांबली, मान वर करून बघितलं, परत सर्रकन, की आम्ही सगळ्या बघतच राहिलो. म्हणाली बांधीत अंडे असले ना मॅडम, की ते अशीच पळते, उडत नाही, आपल्याले दुसरीकडंच नेते. टिटवी उंचावर अंडी घालते की खोलगट जागी यावरून आमच्याकडं म्हातारी माणसं पावसाचा अंदाज बांधतात, टिटवी इथं घराघरात माहीत आहे, आणि तीच टिटवी परीक्षेच्या पेपरात आली की आमची पोर ‘एक पक्षी’ लिहून येते. मला त्या क्षणी फार भरून आलं. टिटवी स्वतःच फसवणारी, म्हणजे फसायला येणाऱ्या पोरीला शेक्सपिअरनं फसवणाऱ्या पाखराची चाल दिली, हे मला त्या पोरीनं शिकवलं.

अडचण दुसरीकडंच आली. हीरो आणि अर्सुला झालेल्या दोघी इतक्या गुपचूप कुजबुजायला लागल्या की मांडवाखालच्या पोरीला काहीच ऐकू येईना, आणि मी जोरात बोला म्हटलं तर त्या भाषण केल्यासारख्या बोलायला लागल्या. तेव्हा माझी ताई, म्हणजे मावसबहीण, ती सध्या आमच्याकडंच असते, ओट्यावर शेंगा सोलत बसली होती, ती म्हणाली, “कानात सांगल्यावानी नका बोलू ना बायांनो, विसरल्यावानी बोला. हात कामात पाह्यजे. ध्यान हातात आहे असं दिसलं का समोरच्याले वाटते हे खरं बोलून राह्यल्या.” आणि तिनं दोघींच्या पुढ्यात शेंगांचं टोपलं ठेवलं. सीन तिथंच लागला. दोघी शेंगा सोलता सोलता बोलू लागल्या, नजर खाली, मधेच एखादी किडकी शेंग बाजूला फेकली, “नाही बाई, मी कायले सांगू तिले, ते मले हसून हसून मारून टाकन,” आणि मांडवातल्या पोरीचा चेहरा पानांमधून असा बदलत गेला की मूळ इंग्रजी वाक्य कुणालाच लागलं नाही.

इथं एक गोष्ट लक्षात येते जी वाचताना निसटते. हीरो एरवी मोठ्या माणसांत जवळजवळ बोलतच नाही. पहिल्या सीनमध्ये तिच्या वाट्याला एक ओळ आहे. पण या मांडवाच्या सीनमध्ये ती घडाघडा बोलते, बहीण किती गर्विष्ठ आहे, कुणाही माणसाला कशी उलटं करून दाखवते, उंच असला तर भाला, ठेंगणा असला तर वाईट कोरलेला दगड, बोलका असला तर वाऱ्यावरचा कोंबडा, गप्प असला तर ठोकळा. समोरासमोर हीरोला हे कधीच म्हणता आलं नसतं. म्हणजे फसवणूक आहे ती प्रेमाबद्दलच्या बातमीची, आणि त्याच्या आडून बहिणीला बहिणीचं जे खरं सांगायचं होतं ते सांगून होतं. कुडाच्या भिंतीपलीकडून बोललेलं कितीतरी घरांत असंच असतं. आमची आजी सुनेला कधी रागवायची नाही, सून चुलीपाशी असली की अंगणात मांजराला सांगायची.

बेनेडिकचा सीन याच्या आधीचा, दुसऱ्या अंकातला, आणि तो जास्त हसवतो कारण तिथं पुरुष आहेत आणि त्यांना अभिनय जमत नाही. राजपुत्र, क्लॉडिओ, लिओनाटो, तिघं बागेत येतात, बेनेडिक लतामंडपात लपतो, त्यांना ते माहीत आहे, आधी गाणं होतं, मग हे सुरू करतात की बीट्रिस बेनेडिकसाठी रडून राहिलीय, रात्री वीस वेळा उठून कागदावर लिहिते. लिओनाटो मधेच अडकतो, विचारलं की प्रेमाची काय लक्षणं दाखवली तिनं, तर क्लॉडिओकडं वळून म्हणतो, माझ्या मुलीनं तुम्हाला सांगितलंच होतं ना. आपल्याकडं साक्षगंधाच्या बोलणीत मुलाचा काका अडकतो आणि मामाकडं बघतो तसंच. आणि बेनेडिक काय म्हणतो? म्हणतो हे मला थापच वाटलं असतं, पण हा पांढऱ्या दाढीचा माणूस बोलून राहिलाय, अशा वयाच्या माणसात लबाडी लपणार नाही. म्हातारा माणूस खोटं कशाला बोलेल, या एका भरवशावर तो फसतो. यात मजा तीन थरांची आहे, बोलणाऱ्यांना माहीत आहे की तो ऐकतोय, त्याला माहीत नाही की त्यांना माहीत आहे, आणि आपल्याला सगळंच माहीत आहे. झाडीपट्टीच्या नाटकात, वडशाच्या कंपन्यांची नाटकं दिवाळीनंतर गावोगाव लागतात, मंडई म्हणजे गावची जत्रा असो की शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, रात्री सुरू झालेलं पहाटेपर्यंत चालतं, तिथं असा सीन आला की मागून एखादा म्हातारा ब्लँकेटातून तोंड काढून ओरडतो, “अबे मांगं पाय ना बे!” शेक्सपिअरच्या थिएटरात खाली उभं राहून बघणारी माणसं काही वेगळी नसणार. आमच्या या रंगभूमीच्या परशुराम खुणेंना 2023 साली पद्मश्री मिळाली तेव्हा गावात फटाके लागले होते, मला आपल्या पोरींना हेच सांगायचं असतं की पेपरातलं नाटक आणि मंडईतलं नाटक ही एकाच घरातली आहेत.

पण ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहून राहिलेय ती पुढं आहे. बेनेडिक ते सगळं ऐकून बाहेर येतो तेव्हा तो नुसता बीट्रिसबद्दल बोलत नाही, लगेच स्वतःबद्दल बोलतो. लोक मला कसं नावं ठेवतात ते ऐकलं, मला गर्व आहे म्हणतात, आपले दोष कानावर पडणारी आणि ते सुधारता येणारी माणसं नशिबवान. बीट्रिसचंही तेच. मांडवातून बाहेर येते आणि म्हणते, माझ्या कानात ही कसली आग, एवढा गर्व आणि एवढा तिरस्कार आहे का माझ्यात? एरवी फाडफाड गद्यात बोलणारी बीट्रिस इथं यमकात बोलते, फक्त दहा ओळी, आणि त्यात म्हणते की माझं रानटी मन आता त्याच्या हाताला माणसाळेल. दोघांनी खोटं ऐकलं, पण ते ऐकून दोघांनीही आपल्याच अंगणात झाडू मारला.

आणि क्लॉडिओनं काय केलं.

डॉन जॉन त्याला सांगतो की हीरो वाईट चालीची आहे, लग्नाच्या आदल्या रात्री तिच्या खिडकीखाली ये, दाखवतो. अजून काही बघितलेलं नाही, रात्र व्हायची आहे, आणि क्लॉडिओ तिथल्या तिथं बोलून मोकळा होतो की काही दिसलं तर उद्या लग्नाला जमलेल्या सगळ्यांपुढं तिची बेअब्रू करीन. बघायच्या आधी निकाल. रात्री खिडकीपाशी बोराचिओ असतो आणि हीरोच्या नावानं हाक मारून तो बोलत असतो मार्गारेटशी, दासीशी. दुसऱ्या दिवशी भर चर्चमध्ये क्लॉडिओ लिओनाटोला म्हणतो, घ्या तुमची मुलगी परत, सडकं संत्रं मित्राला देऊ नका. नागपूरच्या संत्र्यांच्या मुलखात बसून हे वाक्य शिकवताना माझा आवाज दरवर्षी बदलतो. कारण आधी दुसऱ्या अंकात बीट्रिसनं याच क्लॉडिओला संत्र्याची उपमा दिली होती, त्याच्या मत्सरानं पिवळ्या पडलेल्या तोंडावरून. संत्रं तोच होता.

आता ताईचं सांगते, तिला विचारूनच सांगतेय. पाच वर्षांपूर्वी तिचं साक्षगंध झालं होतं, तारीख निघाली होती, मंडपवाल्याला विसार दिला होता. मुलाकडच्या कुणीतरी एसटीत दोन बायांचं बोलणं ऐकलं की ही पोरगी रात्री स्लॅबवर जाऊन फोनवर बोलते. ते मुलापर्यंत गेलं. मुलगा एक दिवस अंधार पडल्यावर मोटारसायकल घेऊन आला, लिंबाखाली उभा राहिला, आणि त्याला दिसलं की ती स्लॅबवर येरझारा घालत फोनवर बोलून हसून राहिलीय. झालं. घरात आला नाही, विचारलं नाही. तीन दिवसांनी त्यांच्याकडून चार माणसं आली आणि आमच्या मावशीच्या ओट्यावर, शेजारपाजार जमा असताना, जे बोलले ते मी इथं लिहिणार नाही. त्या रात्री फोनच्या या टोकाला मी होते. घरात रेंज येत नाही म्हणून ती वर जायची, आणि आम्ही साड्यांबद्दल बोलत होतो, कोणती साडी हळदीला आणि कोणती गडगनेराला, म्हणजे केळवणाला. मी जाऊन सांगितलं, फोन दाखवला, वेळ दाखवली. बहीण बहिणीची बाजू घेणारच, म्हणाले.

म्हणून चौथ्या अंकात बीट्रिस जेव्हा म्हणते की माझ्या बहिणीवर खोटा आळ घेतलाय, आणि तिला विचारतात की काल रात्री तू तिच्यासोबत झोपली होतीस का, आणि ती म्हणते वर्षभर रोज झोपत होते, फक्त कालची रात्र नाही, तेव्हा मला पुढचं वाचवत नाही. पुरावा नाही तिच्याकडं. फक्त ती बहिणीला ओळखते. आणि ती बेनेडिकला म्हणते की मी पुरुष असते तर भर बाजारात त्याचं काळीज खाल्लं असतं. वर्गात हे वाक्य आलं की मागच्या बाकावरचे पोट्टे हसतात, मी थांबते, हसणं संपू देते आणि परत वाचते.

लोक म्हणतात की हे नाटक अर्धं कॉमेडी आणि अर्धं वेगळंच, दोन भाग नीट जुळत नाहीत. मला ते पटत नाही. हत्यार एकच आहे दोन्हीकडं, लपणं, ऐकणं, ठरवून केलेलं नाटक. बेनेडिक ऐकून स्वतःकडं वळतो तेव्हा आपण हसतो. क्लॉडिओ बघून दुसऱ्याकडं बोट करतो तेव्हा हसू थांबतं. म्हणूनच शेक्सपिअरनं मांडवाचे दोन्ही सीन आपल्यासमोर घडवले आणि खिडकीचा सीन घडवलाच नाही, नुसता सांगून टाकला, तोही बोराचिओच्या तोंडून, दारूच्या भरात, छपराखाली पाऊस चुकवत. 1993 च्या केनेथ ब्रॅनाच्या सिनेमात ती खिडकी दाखवलीय. सिनेमा मला आवडतो, उन्हानं भरलेला आहे, पण खिडकी दाखवली की क्लॉडिओची बाजू आपोआप थोडी घेतली जाते, दिसलं तर बिचारा काय करेल असं वाटतं. नाटकात ती सोय नाही. आपण काही बघितलेलं नसतं, आपल्याला फक्त हीरो माहीत असते, आणि तेवढं पुरायला हवं.

बोराचिओ हे बोलतो तेव्हाही कुणीतरी ऐकतंच. गावचे रात्रपहारेवाले. डॉगबेरी नावाच्या हवालदाराची माणसं, ज्यांना धड शब्द वापरता येत नाहीत, त्यांनी सगळं बरोबर ऐकलं आणि धरून नेलं. आणि मग जे होतं ते मला या नाटकातलं सगळ्यात खरं वाटतं. डॉगबेरी लग्नाच्या सकाळी लिओनाटोच्या दारात येतो, सांगायला लागतो, पण त्याचं बोलणं लांबतं, शब्द चुकतात, लिओनाटोला घाई आहे, तो म्हणतो कंटाळा आणता राव तुम्ही, आणि डॉगबेरीला ती स्तुती वाटते. तुम्हीच बघा म्हणून त्याला वाटेला लावतात. तासाभरात त्याच लिओनाटोची मुलगी चर्चमध्ये कोसळते. झुडपातून, पडद्यामागून, मांडवातून आलेलं सगळ्यांनी कान देऊन ऐकलं, आणि जो समोर उभा राहून खरं सांगायला आला त्याला ऐकायला कुणाला वेळ नव्हता. ताईच्या वेळी आमच्या गावचा एक म्हातारा कोतवाल सांगत होता की मी त्या पोट्ट्याले लिंबाखाली उभा पाह्यलो होतो, त्यानं कोनाशी बोललं पन नाही. त्याचंही वाक्य कुणी पूर्ण होऊ दिलं नाही, तो बोलताना अडखळतो म्हणून.

‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्येही असाच लपण्याचा सीन आहे, माल्व्होलिओला खोटं पत्र सापडतं आणि बाकीचे झुडपामागून बघतात. तिथं उलटं आहे, फसणारा उघड्यावर आणि फसवणारे लपलेले. फार हसवतो तो सीन, पण शेवटी माल्व्होलिओला अंधाऱ्या खोलीत कोंडतात आणि मला ते सोसवत नाही. मांडवाच्या सीनमध्ये फसवणाऱ्यांच्या मनात माया आहे, तेवढा फरक मला पुरतो.

शेवटी पाचव्या अंकात बीट्रिस आणि बेनेडिकला कळतं की आपल्याला फसवलं होतं. दोघंही नाकबूल करायला बघतात, आणि मग दोघांनी स्वतःच लिहिलेल्या कविता बाहेर निघतात. बेनेडिक म्हणतो, हा चमत्कारच, आपलेच हात आपल्या मनाविरुद्ध साक्ष देऊन राहिलेत. खोट्यावर उभं केलेलं पण आत काहीतरी होतंच. हीरो आणि क्लॉडिओचंही लग्न होतं, ती मेली असं आधी सांगितलेलं असतं, मग तोंड झाकून त्याच्यापुढं आणतात. ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “हिनं त्याले परत काहून केला?” पोरी माझ्याकडं बघू लागल्या. मी म्हटलं नाटकात तिला बोलायला फार ओळीच नाहीत ताई. ती म्हणाली, “त मंग तुमी मांडवाचाच सीन करा.” तेच करून राहिलोय.

मागच्या रविवारी अर्सुला झालेली पोरगी आली नाही, तिच्याकडं चुरणं, म्हणजे धानाची मळणी, होतं. म्हणून ताईनं अर्सुलाची वाक्यं घेतली. टोपलं पुढ्यात, हातात शेंगा, आणि असं विसरल्यासारखं बोलली, “पन बेनेडिकचा तिच्यावर खरंच एवढा जीव हाय का वो?” आणि हीरो म्हणाली, “राजपुत्र सोता सांगून राह्यले ना बाई, फौजेतला माणूस, तो कायले खोटं बोलन.” मांडवातून टिटवी ऐकत होती. आम्हाला कुंपणापलीकडची काकू दिसली नाही, ती गोवऱ्या थापत होती.

संध्याकाळी आई चक्कीवरून पीठ घेऊन आली ती दारातूनच विचारत. चक्कीवर तिला दोघी-तिघींनी अभिनंदन केलं म्हणे, की तुमच्याकडच्या पोरीचं जमलं, मुलगा फौजेत आहे, कोण्या राजघराण्यातल्या माणसानं मध्यस्थी केली. ताई चुलीपुढं भाकर थापत होती. ती इतकी हसली, इतकी हसली की भाकर तव्यावर करपली आणि तिला पदरानं डोळे पुसावे लागले. पाच वर्षांत मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं.

आई म्हणाली, “आता मी त्या काकूले काय सांगू?”

“सांग ना,” ताई म्हणाली, “गॅदरिंगले ये म्हणा. मुलगा तिथंच दाखवतो.”